पर्पलचं यमक

हॉइक गावच्या नावात एक डब्ल्यू आहे,
लिहिताना वाढायचा, बोलताना गिळायचा.
तिथल्या कुणाच्या घशाला तो लागत नाही.
आपण लिहिलं तसं वाचणारी माणसं,
ठसका आपल्याला.

त्या गावात थडग्यांचे दगड घडवतो ॲडम स्टोडार्ट.
अक्षरामागे पैसे घेतो, स्वल्पविराम फुकट.

मंगळवारी नेटी क्रॉझियर आली,
पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली.
"दोन ओळी हव्यात. जुळणाऱ्या.
आणि एकीच्या शेवटी पर्पल."

तिचा डँड एक्केचाळीस वर्षं
टेव्हियटकाठच्या गिरणीत लोकर रंगवायचा.
लग्नात त्याची नखं जांभळी,
मुलीला पहिल्यांदा उचललं तेव्हा जांभळी.
गिरणीला टाळं लागून वीस वर्षं झाली,
तरी शवपेटीवर वाकून नेटीने पाहिलं:
कडेकडेने, किंचित.

ॲडमने कान खाजवला.
"ऑरेंज, सिल्व्हर, मंथ,
हे सगळे बिनलग्नाचे काका.
पंगतीला बोलवा, येतात;
जोडीने बसा म्हणा, खाली बघतात.
पर्पल त्यांच्यातला थोरला.
त्याला ओळीच्या मध्ये बसवू का?"

"डँड कधी मध्ये बसला नाही.
दाराजवळ बसायचा. पायामुळे त्याला..."

पायामुळे.
रंगाचं पिंप घरंगळलं होतं त्यावर, एका हिवाळ्यात.
मग तो जसा चालायचा
त्याला गावात एक शब्द आहे: हिर्पल.
लंगडणं म्हटलं तर जास्त होतं,
खुरडणं म्हटलं तर त्याला राग आला असता.
पाऊल टाकायचं
आणि जमिनीची माफी मागायची, तसं काहीतरी.

ॲडमने पाटीवर दोन्ही शब्द खडूने लिहिले,
वाचले गावच्या जिभेने,
जिच्यावर र हा भातातल्या खड्यासारखा वाजतो
आणि प्रत्येक स्वर आपल्याच घरी झोपतो.
हिर्पल. पर्पल.
"शेजारी आहेत," तो म्हणाला, "सोयरे नाहीत."

शुक्रवारी लंडनहून मुलगी आली,
ग्रिझेल, तिकडे जाऊन नुसती झेल झालेली.
सव्वीस वर्षांत तिचा र झिजून गेला.
आईने एकदाच फोनवर विचारलं होतं,
"कुठे सांडलास ग?"
पुन्हा विचारलं नाही.
आजही बेकरीत एक म्हणाली स्कॉन, दुसरी स्कोन.
मुलीने लोणी लावलं. आईने खिडकीबाहेर पाहिलं.

चष्मा गाडीत राहिला म्हणून
पाटी हातभर लांब धरून झेलने वाचलं:
"हऽपल... पऽपल."

छिन्नी थांबली.
"पुन्हा म्हण."

"हऽपल. पऽपल."

कडीत कोयंडा बसावा तसं बसलं.
शब्द बापाचा, याच चिखलातला.
यमक लेकीचं, पार दक्षिणेहून आलेलं.
आणि जोडणारी फट कुठली,
तर तो सांडलेला र.

नेटी बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "पण दगडावर कसं कळणार,
कुणी कसं वाचायचं ते?"
"नाही कळणार," ॲडम म्हणाला,
आणि अक्षरं मोजू लागला.

आता गाववाले वाचतात तेव्हा ओळी
जरा अडखळतात, डँडसारख्याच.
परगावचा कुणी वाचतो, चटकन जुळतात.

रविवारी नेटी फुलं बदलायला जाते.
परवा आजूबाजूला कुणी नाही असं बघून
तिने र दातांमागे लपवला
आणि हळूच वाचलं, लेकीसारखं.
चहा पोळल्यासारखी जीभ बाहेर काढली,
एकटीच हसली,
आणि घराकडे निघाली, थांबत थांबत.
हल्ली तिचाही डावा गुडघा
जमिनीची माफी मागतो.