वजन तेवढंच

बोराएवढे असताना काढायचे.
सुपारीएवढे झाले की हात कचरतो,
लिंबाएवढ्यांसमोर तर मी कात्री खिशात घालते
आणि बायजी वरठा माझ्याकडे बघून हसते,
कारण मजुरी तिची चालूच असते.

गोराईच्या वाडीत बावीस पेरू.
पाणीपट्टी खात्यात तेहेतीस वर्षं काढली मी,
त्यामुळे झाडांनाही नंबर आहेत,
खोडावर पांढऱ्या रंगात, ग्राहक क्रमांकासारखे.

बेचक्यात तीन कळ्या येतात.
कडेच्या दोन खुडायच्या, मधली ठेवायची,
असं पुस्तकात आहे.
बायजी मधली बघत नाही.
ती देठ बघते, जाड कुठला ते,
आणि बाकीचं तिच्या नखाखाली असतं
मी चष्मा पुसेपर्यंत.

गेल्या बहाराला पास्कूने फवारणी केली.
शंभर लिटर पाण्यात दहा किलो युरिया,
एका सकाळीत बावीस झाडं, खर्च चारशेच्या आत.
तो टॉवेल झटकत म्हणाला, बाया बंद, हिशोब संपला.
चौथ्या दिवशी पानांच्या कडा
जळक्या कागदासारख्या.
फुलं गळली, पण त्यांच्या मर्जीने.
शेंड्याला एक नाही,
खाली खारवट वाऱ्याच्या बाजूला झुबकेच्या झुबके.
औषधाला मोजता येत नाही.

म्हणून यंदा पुन्हा हात.
दोघी बाया, तीन दिवस, रोजी पाचशे.
झाडामागे एकशे छत्तीस.
फळावर जाळी, जाळीवर पिशवी, नगाला दोन रुपये.
झाडाला अठ्ठेचाळीसच ठेवले.
पास्कू कुंपणापलीकडून मोजत होता,
पडलेले. राहिलेले नाही.

सतरा नंबर मात्र सोडला.
तो म्हणाला, एक तरी झाड देवाच्या हिशोबाने राहू दे.
मी म्हटलं, राहू दे. तुलनेला बरं.

राहिलं. एवढं लागलं
की एका रात्री फांदी मोडल्याचा आवाज आला
आणि कुत्री भुंकत राहिली.
तीसेक कच्चे गेले. शेळीने खाल्ले, थोडे मीही.
तुरट होते, दात आंबेपर्यंत.

मग तोडणी. तराजू ओट्यावर.
विरळलेलं झाड: अठ्ठेचाळीस नग, बारा किलो.
सतरा नंबर: एकशे नव्वद नग, साडेबारा किलो.

मी पुन्हा तोललं.
काटा खरा होता.
झाड देतं ते तेवढंच.
ते कितीजणांत वाटायचं, एवढंच आपल्या हातात,
आणि बाजार वाटणीला पैसे देतो, वजनाला नाही.

रेजिन वहिनी चहा घेऊन आली, म्हणाली,
यात माणसांचं काही शोधू नकोस हं,
आम्ही नऊ भावंडं होतो आणि नऊही जगलो.
मी म्हटलं, शोधत नाहीये.
पेरूच मोजतेय.

बोरिवलीच्या व्यापाऱ्याने मोठे घेतले, किलोला सत्तर,
आठशे चाळीस, खर्च जाता सहाशे आठ.
सतराच्या टोपलीकडे बघून तो म्हणाला,
हे वीसने नेतो, तेही तुमच्यासाठी.
मी नको म्हटलं,
का ते तेव्हाही कळलं नाही.

बायजीची मुलगी टोपली घेऊन जेट्टीवर गेली.
सहाचा वाटा, दहा रुपये,
वर मीठ-तिखटाची पुडी, तिच्या घरची.
लाँचच्या दोन फेऱ्यांत
खाली टोपली आणि तीनशे दहा रुपये,
सगळी नाणी आणि चुरगळलेल्या नोटा.

अर्धे तिला दिले.
ती नाही म्हणाली, मग घेतले.
उरलेले एकशे पंचावन्न वहीत कुठे लिहावेत?
मजुरी नाही, विक्री म्हणावी तर दर नाही.
शेवटी 'इतर' या रकान्यात.
तेहेतीस वर्षांत त्या रकान्याला मी हात लावला नव्हता.

आता पुन्हा बोराएवढे झालेत.
बायजी सकाळी येते, नख लावते.
सतराव्यालाही कात्री लावली यंदा.
जेट्टीकडच्या तीन फांद्या सोडून.
पास्कू विचारत होता, या कुणाच्या हिशोबाच्या?
मी टेकू शोधत होते, बांबूचा,
नीट ऐकू आलं नाही म्हटलं.