तीन पंख, तिन्ही वेगळे

चित्र आलं फेब्रुवारीत. वहीचं फाडलेलं पान,
खालच्या कोपऱ्यात कोकोचा डाग.
पाठवणारी डेल्फीन वेलेत, वय वर्षं दहा,
इथून दोनशे किलोमीटर, सस्कॅचवानमध्येच.
रॉकेट जांभळं. पंख तीन, तिन्ही वेगळे:
एक तिच्या पंजाएवढा, एक करंगळीएवढा,
आणि तिसऱ्यापाशी नुसतं लिहिलेलं,
"हा तुम्ही ठरवा."

मी ओरेस्ट ह्नातियुक.
चाळीस वर्षं गव्हाचे ट्रक तोलले,
आता तळघरात ग्रॅम तोलतो,
बायकोच्या स्वयंपाकाच्या काट्यावर.
त्याच्या खाचेत अजून थोडं पीठ आहे.
पुसत नाही. शून्य त्याच्यासकट धरतो.

उलट टपाली कळवलं: पोरी,
असं रॉकेट नाकासमोर जात नाही.
जड भाग पुढे हवा, हवेचा जोर मागे,
नाहीतर वर जाऊन कोलांट्या खातं
आणि कुणाच्या तरी गाडीवर उतरतं.
तिचं उत्तर, एक ओळ:
"सरळ नको. वर जाऊ दे."

आता यावर काय बोलणार?

बाल्सा कापला, लाकडाच्या रेषा बघून.
तिसरा पंख केला
आमच्या धान्यकोठाराच्या छपरासारखा उतरता.
ते छप्पर गेल्या वर्षी पाडलं,
पण उतार हाताला पाठ होता.
नाकात लहान मुलांची निळी माती, अकरा ग्रॅम.
मग मधोमध दोरी बांधून
अंगणात डोक्याभोवती गरगर फिरवलं.
पहिल्यांदा आडवं झालं.
दुसऱ्यांदा चक्क शेपूट पुढे करून निघालं.
शेजारचा लॉर्न कुंपणापलीकडून बघत होता.
विचारलं काही नाही,
फक्त कुत्र्याला आत नेलं.

चौदा ग्रॅम.
सोळा.
साडेसोळाला नाकानं पुढचा रस्ता धरला.

सगळं पुन्हा सुटं केलं, खोक्यात भरलं,
नळी, पंख, सुतळी, मातीची पुडी,
आणि सूचनांचा कागद, ज्यात सातवी पायरी
मी दोनदा लिहिली होती. तिनं दोनदा केली.

ऑक्टोबरात मायलेकी आल्या.
गहू निघालेला, रानभर नुसते खुंट.
पाण्याची बादली, ओली पोती,
वायव्येचा वारा, कानात घुसणारा.
रॉकेटवर डिंकाचे ठसे इतके
की पोलिसांना काम उरलं नसतं.
पाच, चार, तीन, दोन, एक.
बटण दाबलं.
काही नाही.
नियम आहे, एक मिनिट जवळ जायचं नाही.
डेल्फीननं ते मिनिट मोठ्यानं मोजलं,
छत्तीस दोनदा.

नवी काडी लावली. या वेळी
तिचे आकडे संपायच्या आधीच ते गेलं,
फुस्स करून, स्वतःभोवती पिळत,
जांभळा स्क्रू, आभाळात आत आत.
वर वाऱ्याकडे तोंड केलं, वाट वाकडी केली.
दक्षिणेला निघालेल्या रानहंसांनी
आपली रांग जराशी सरकवून घेतली,
किंवा मला तसं वाटलं; चष्मा गाडीत होता.

मग टप्प आवाज, आणि पॅराशूट.
कोरीननं जुन्या रेनकोटाचं शिवलेलं, नारिंगी.
आभाळाला ठिगळ लावता येत नाही म्हणतात.
दोनेक मिनिटं तर लागलं होतं,
टाकेसुद्धा दिसत होते.

उतरलं तळ्याच्या कडेला, पातळ बर्फावर.
कोरीन गमबूट घालून गेली,
तिसऱ्या पावलाला बर्फ मोडलं,
ती फ्रेंचमध्ये काय म्हणाली
ते पोरीनं मला सांगितलं नाही.
रॉकेट आलं. करंगळीएवढा पंख नव्हता.

डेल्फीननं तुटलेल्या जागेवरून बोट फिरवलं.
"दोन पंखांवर जाईल?"
"नाही."
"बघितलंय का कुणी?"

रात्री काटा काढला.
निळी माती किती उरलीय
ते एकदा बघून ठेवलं.