धागा कपाबाहेर

वागळे मॅडम, तुमचा कप मी लांबून ओळखते.
अकराव्या मजल्यावर सगळे कप सारखेच पांढरे,
पण तुम्ही धाग्याचे कानाला दोन वेढे घालता,
पिशवी बुडू नये म्हणून,
आणि अर्धा चहा तसाच सोडता.

तो मी ओतते. पिशवी नाही ओतत.
पिळते हळूच, फाटणार नाही अशी,
चटणीच्या रिकाम्या डबीत ठेवते.
दिवसाच्या चार. शुक्रवारी सहा,
कारण शुक्रवारी तुमची मीटिंग लांबते.

विक्रोळी पार्कसाइटला आमच्या फ्रिजमध्ये
बोंबलांच्या शेजारी त्या गार होतात.
वास लागू नये म्हणून डबीला दोन रबरं.

मग केतकी चटईवर आडवी होते,
एक पिशवी या गालावर, एक त्या, एक हनुवटीवर,
धागे कानांमागे सोडलेले,
आणि म्हणते, आई, ओल्या गवताचा वास येतोय,
शाळेच्या मैदानात तोंडावर पडले होते ना, तसा.

हळद झाली. मुलतानी झाली. कडुनिंब तर
इतका ओरबाडला की मंडळाच्या पोरांनी
झाडाला पाटी लावली.
सासूबाई म्हणाल्या, उठल्याउठल्या स्वतःची थुंकी लाव.
तीही लावली महिनाभर, कुणाला न सांगता.
केमिस्टच्या ट्यूबने पंधरा दिवस आरशासारखी चमकली,
सोळाव्या दिवशी सोलायला लागली,
भाजल्या वांग्यासारखी.
राजावाडीतला डॉक्टर पोरगाच होता,
त्याच्याही कपाळावर दोन होत्या.
सगळं बंद, म्हणाला. साधं तोंड धुवा. थांबा.

थांबा हे औषध कुठल्या दुकानात मिळतं?
घाटकोपरचा सोन्याच्या दुकानवाला काही थांबला नाही.
चेहरा साफ झाला की ये हं बेटा, म्हणाला.
बेटा म्हणाला, ते तिला जास्त लागलं.

फरक विचाराल तर, आग कमी होते. लाली उतरते थोडी.
बाकी यायच्या त्या येतातच,
न सांगता उतरणाऱ्या पाहुण्यांसारख्या.
पण ती वीस मिनिटं ती चेहऱ्याला हात लावत नाही.
बोलते. कॉलेजातलं, कँटीनमधलं.
एकदा तर एवढी हसली की पिशवी घरंगळून कानात गेली.

त्या दिवशी उशिरा तुम्ही पँट्रीत आलात,
सिंकवर तोंड धुतलंत, खसाखसा पुसलंत,
आणि मला दिसलं.
दोन्ही गालांवर खड्डे. जुने.
पालिकेवाले रस्ता खणून
वरवर बुजवून जातात ना, तसले.
तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग उघड्या डबीकडे.
हे कशाला, शेवंताबाई?
कुंडीला घालते, म्हटलं.
आमच्याकडे कुंडी नाही.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही कॉफी घेता. काळी.
राग आला, की लाज वाटली, की डॉक्टरने सांगितलं,
मी विचारणार नाही.
कप धुणारीने काय काय विचारावं.

पगार झाला तेव्हा एक खोकं आणलं, पंचवीस पिशव्यांचं.
केतकी म्हणाली, आधी पिऊन तर बघू.
एक घोट घेतला आणि मोरीत जाऊन थुंकली.
बाई गं! हे पितात ते? एसीत बसून?
मी साखर घालून माझा संपवला.
पैसे दिले होते.

आता ती ऐरोलीला जाते, फोनवर बोलायच्या नोकरीला.
तिथे नुसता आवाज लागतो.
पुटकुळ्या आहेत अजून,
तिच्याबरोबर रात्रपाळीच्या गाडीने जातात.
खोक्यात नऊ पिशव्या उरल्यात.

काल एक मी माझ्या गालावर ठेवली,
जिथे वांग आहे, केतकीच्या वेळचा,
ज्यावर आजवर कुणी काही सुचवलं नाही.
चटईवर पडले, धागा कानामागे.
कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत
कुणाचाच कप धुवायचा नव्हता.