चाळीस किलो जास्त

ओरेस्टने कपाटाच्या दाराला आतून
वहीचं एक पान चिकटवलंय.
पेन्सिलीने: किटली, सातशे ग्रॅम.
घोंगड्या दोन, साडेतीन किलो.
पाण्याचा पांढरा पाइप, दोन किलो शंभर.
माझा बिडाचा तवा – त्यापुढे
नुसतंच प्रश्नचिन्ह.

एकतीस वर्षं त्याने गावच्या धान्यकोठारावर
दुसऱ्यांचा गहू तोलला. सस्कॅचवनचा अर्धा गहू
आपल्या नजरेखालून गेला, असं तो म्हणतो.
आता चमचे तोलतो.

ट्रेलर हलका. म्हणून तर घेतला,
आमच्या म्हाताऱ्या पिकपला झेपेल एवढाच.
पिकपच्या हौद्यात, बरोबर मागच्या आसावर,
लोखंडी जबडा बसवलाय.
ट्रेलरची मान त्यात उतरते, खिळा आत शिरतो
आणि खट् होतं.
ते खट् होईपर्यंत ओरेस्ट श्वास सोडत नाही.
मग मी गाडी वीतभर पुढे ओढायची,
त्याने मागे वाकून बघायचं,
खरंच धरलंय, की नुसतं हो म्हणतंय.
(लग्नाआधी त्याच्या आईने मला
असंच ओढून पाहिलं होतं.)

बॅटरी निम्म्या वजनाची मिळाली, तिप्पट पैशांना.
हलकं होणं महाग असतं,
हे आम्हाला साठी उलटल्यावर कळलं.
काचेच्या बश्या गेल्या, पत्र्याच्या आल्या.
छतावर सूर्याची काळी पाटी, चादरीसारखी पातळ.
शिवणयंत्र मी उतरवून ठेवलं, न सांगता.
त्याने त्याचा अकॉर्डियन उतरवला, तोही न सांगता.
दोन रिकाम्या जागा
दोघांनीही पाहिल्या,
आणि संध्याकाळभर फ्यूजबद्दल बोललो.

मे महिना. चरांतून मळकं बर्फ अजून.
काट्यावर आता ब्रेडन नावाचा पोरगा बसतो.
त्याने काचेतून आकडा दाखवला:
चाळीस किलो जास्त.

काटा खोटा, असं म्हणणं
ओरेस्टच्या तोंडून या जन्मी होणार नाही.
त्याने पान आणलं, बेरीज केली,
उलटी केली, पुन्हा सुलटी.
"तवा," तो म्हणाला.
"तवा तीन किलोचा," मी म्हणाले,
"तेरा तवे आणलेले नाहीत मी."

पलंगाखाली, अगदी नाकाशी,
एक फळी स्क्रूने बसवलेली होती.
तिच्यामागे आइसक्रीमचे चार डबे.
डब्यांत दगड.
गोल, चपटे, एक हिरवट, एकाला भोक,
आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने
तळ्याचं नाव, साल.
पहिल्या डब्यात अक्षरं मुंगळ्यांसारखी, कुठेही जाणारी.
तिसऱ्यात ओळीत आलेली.
चौथा डबा अर्धाच.

सिग्रिडला फोन लावला, जिने आम्हाला ट्रेलर विकला.
"फेकून द्या," ती म्हणाली, लगेच.
आम्ही काट्याच्या कडेला उभे राहिलो.
मागे गव्हाचा ट्रक खोळंबला, ब्रेडनने त्याला हात केला.
वीस मिनिटांनी तिचाच फोन:
"अजून फेकले नसतील तर..."
वाक्य तिथेच राहिलं.
पलीकडे कुत्रं भुंकत होतं, ती त्याला
गप्प करत नव्हती.

ओरेस्ट ट्रेलरखाली सरपटत गेला.
टाकीची तोटी उघडली.
चाळीस लिटर पाणी, प्यायचं, काल भरलेलं,
खडीवरून वाहत
ट्रकवाल्याच्या बुटांपर्यंत गेलं.
मग तो आत आला, पेन्सिल जिभेला लावली
आणि तव्याच्या खाली लिहिलं:
दगड, चाळीस.
तव्यापुढचं प्रश्नचिन्ह तसंच.

गिमली आमच्या वाटेवर नाही.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, त्याला कसली वाट.
पूर्वेला वळलो.
वळणावर डबे एकदा खडखडले,
मग एकमेकांना टेकून बसले असावेत.

रात्री तव्यात अंडी केली.
पाणी नव्हतं,
बश्या वर्तमानपत्राने पुसल्या.