नारिंगी पाणी

नागोरावमामांनी तीस वर्षं
जुन्या जालन्यात हँडलं चमकवली.
सायकलींची, लुनांची, एकदा तर
वरातीच्या बग्गीचे दोन्ही कंदील.
काळं लोखंड नारिंगी हौदात बुडवायचे,
वर काढलं की त्यात तोंड दिसायचं.
त्याच हौदाच्या वाफेनं
नाकाचा पडदा खाल्ला त्यांच्या.

परवा मीच टोचली सुई.
उपाशीपोटी एकशे ब्याऐंशी.
म्हटलं, मामा, साखर दाराशी उभी आहे,
पेशींच्या बिजागऱ्या कुरकुरतायत.
खमिरात कणभर क्रोम असतं,
त्यानं म्हणे त्या सैल होतात.
म्हणे, हं.
डॉक्टरांचंही एकमत नाही.

मामा हसले. हसले की नाकातून शिटी वाजते.
"म्हंजी ज्यानं नाक नेलं, त्यालाच आता पोटात घ्यू?"

ते नारिंगी, हे हिरवट, मी सांगितलं.
अन् किती? ज्वारीच्या एका दाण्याचे
सहाशे तुकडे करा, त्यातला एक.

"एवढ्यानं तर टाचणीबी चमकायची न्हाई, पोरी."

तरी पहाटे गेलेच
लतीफभाईंच्या भट्टीमागं.
परातीवरचं ओलं फडकं उचलून
फुगलेल्या पिठाकडं बघत राहिले.
आंबूस वास त्यांच्यापर्यंत पोचलाच नसणार.
बोट दाबलं. खड्डा पडला.
खड्डा हळूहळू वर येताना
ते मोजत होते, ओठांतल्या ओठांत,
हौदात हँडल किती वेळ ठेवायचं
ते मोजायचे तसं.

"नान देऊ का, नागोराव?"
"नको," म्हणाले, "साखर हाय."
आणि बोटाला चिकटलेलं पीठ
धोतराला न पुसता
तसंच घरी घेऊन आले.