तटस्थ

निवृत्त होऊन तिसरं वर्ष.
पूर्णगडला, मुचकुंदी समुद्राला मिळते तिथे
याकूब वस्ता फाटकं जाळं तुणतात
आणि मी शेजारी बसतो, काही न तुणता.
"परदेश खात्यात नक्की करायचात काय?"
मसुदे लिहायचो.

एका रात्रीचा मसुदा सांगतो त्यांना.
एका शहरावर बॉम्ब पडत होते, सतरावा दिवस.
सकाळी मतदान.
मी लिहिलं होतं, निषेध.
वरून परत आलं तेव्हा झालं होतं, तीव्र चिंता.
आणखी वरून, नुसती चिंता.
पहाटे चारला "तीव्र" परत मिळवण्यासाठी
मी अर्धा तास भांडलो,
आणि मिळाल्यावर
लढाई जिंकल्यासारखा चहा प्यायलो.
मत दिलं नाहीच. तटस्थ राहिलो.

"तटस्थ म्हंजे?"
म्हणजे ना इकडे, ना तिकडे.
चाचांची सुई थांबते.
"तट म्हंजे किनारा ना?
म्हंजे किनाऱ्यावर हुबा ऱ्हायलेला."
आणि खाडीच्या तोंडाकडे बघत,
"होडी उलटताना?"

तीस वर्षं टाइप केला तो शब्द.
त्यात पाणी आहे
हे दिसलं नव्हतं.

मी बाजू मांडतो. सवय आहे.
गॅस त्यांच्याच बंदरातून यायचा.
आपली नव्वद हजार माणसं तिथे,
क्रेनवर, इस्पितळात, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात.
"तुमचा तौफिकसुद्धा, चाचा."
ते मान हलवतात.
तौफिकच्याच पैशाचं हे नायलॉन,
ते इंजिन, यास्मिनच्या लग्नातला मांडव.
मग बराच वेळ
फक्त सुई बोलते.

न विचारता सांगतात:
एका तुफानात बुडत्या गलबतावरचे अकरा खलाशी काढले.
जाळं कापून टाकावं लागलं, बावीस हजारांचं,
आणि वर सहा तास पोलीस चौकीत.
"झेंडा कुठला होता?"
"भिजलेला हुता. वाचाय येईना."

हसतात. मला हसता येत नाही.
मला तो झेंडा कोरडा करून वाचण्याचा
पगार मिळायचा.

"ह्या तोंडातला वाळूचा दांडा दर पावसात सरकतो.
गेल्या साली वाट मधून हुती, औंदा किल्ल्याला घासून.
वाट बदलण्यात लाज नाय, साहेब.
बुरुजावरचा वड नि मागचा पांढरा कातळ
एका रेषेत आले का शिरायचं. ती खूण बापाची."
वड गेला की तोडून, रस्त्यासाठी.
"गेला. पण मान वळते तिकडंच.
आता जाग्यावर टॉवर हाय मोबाइलचा.
त्याला वड म्हणतो."

हे उत्तर आहे का, मला माहीत नाही.
मसुद्यात बसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी अंधारात त्यांच्या होडीत चढलो.
दांडा ओलांडताना तळाला वाळू घासली,
चाचांनी मागे वळून टॉवर आणि कातळ जुळवले,
सुकाणू बोटभर दाबलं.
उजाडत होतं.
किनाऱ्यावर कुणीतरी उभं होतं, हात वर करून.
हाक मारत होतं की निरोप देत होतं,
पाण्यावरून
ओळखू येत नव्हतं.