एस्कुदो

चिखलीच्या चढावरच्या शेडमध्ये
पंख्याची चार पाती
उतरवून ठेवलीत लाकडी घोड्यांवर.
पुढच्या कडेला खाऱ्या वाऱ्याचे दात.

इनासचा यंत्रावर विश्वास आहे,
तरी तो खिशातून नाणं काढतोच :
वडिलांचा एस्कुदो,
एकसष्टनंतर बाजारात कुणी न घेतलेला.

टिक्. टिक्. टिक्.
बुंध्यापासून टोकाकडे, बोटबोटभर.
डावा कान इंजिनांनी कधीच नेला.
उजवा तो पात्याजवळ नेतो,
भिंतीपलीकडे कुणी आपलं नाव घेतंय
असं वाटल्यावर नेतात तसा.

मी नोंदवही धरून उभी.
वास्कोच्या बंदरात भोंगा होतो.
तो हात वर धरून थांबतो,
भोंगा पूर्ण विरेपर्यंत.

टिक्. टिक्. टप्.

पुन्हा. टप्.
नखाएवढी जागा.
वरून रंग गुळगुळीत, माझ्या बोटाला काहीच लागत नाही;
आत एक थर दुसऱ्याशी
बोलेनासा झालेला.

पिवळ्या पेन्सिलीनं तो गोल काढतो.
“लिही. पोकळ.”
“असंच उडलं असतं का?” मी विचारते.
“उडलं असतं गो,” तो म्हणतो, “बरेच दिवस.”

नाणं शर्टाला पुसतो.
अजून तीन पाती आहेत,
आणि बंदरात दुसरं जहाज लागतंय.